झडपेला बांधलेली तार

शनिवार, अर्धी सुट्टी

तीर्थस्वरूप मामा,

प्लॅस्टरमधल्या आणि प्लॅस्टरबाहेरच्या अशा तुमच्या दोन्ही पायांना तुमच्या जावयाचा सारखाच नमस्कार. पाय कसा आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, उत्तर मला माहीत आहे. मामींनी परवाच कळवलं की दुखणं उतरलं, आता खाज सुटली आहे, आणि तुम्ही विणकामाची सुई प्लॅस्टरमध्ये घालून खाजवत बसता म्हणून त्यांचा अर्धा स्वेटर आठ दिवस तसाच पडून आहे. शिवाय दिवसभर खिडकीशी बसून तुम्ही रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा आजार नुसत्या आवाजावरून ओळखता आणि समोरच्या दुकानदाराला ड्रायव्हरच्या मागे पळवता, त्यामुळे त्या दुकानदाराचीच तब्येत सुधारली, असंही कळलं. म्हणजे प्रकृती उत्तम आहे. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. धुलाईखान्यातला माझा बॉयलरही खुशाल आहे. तुमची लेक समोर बसून हॉस्पिटलच्या फाटक्या चादरीला ठिगळ लावते आहे आणि मी काय लिहितोय ते तिकडून उलटं वाचते आहे (तिला उलटं वाचता येतं हे मला लग्नानंतर कळलं, तुम्ही आधी सांगायला हवं होतं).

फोनवरच बोललो असतो, पण फोनवर माणूस आधी बोलतो आणि मग विचार करतो हे तुमचं म्हणणं मी विसरलेलो नाही. तुमची चिठ्ठी मिळाली. तिच्यात पायाबद्दल एक अक्षर नाही, सगळं तुमच्या मालाच्या गाडीबद्दल. सोमवारी वीटभट्टीवाला येतोय, त्याला गाडी हवी आहे, आणि तो म्हणतो की घेतल्यावर आधी टर्बो काढून टाकीन, मला ती कटकट नको. पुढे तुम्ही लिहिता, गाडी तुमच्याकडे नीट राहत असेल तर तुम्हाला देतो, नसेल तर त्याला देतो, काय ते खरं खरं लिहा. एवढंच. टर्बो काढून टाकण्याबद्दलचं वाक्य लिहिताना तुमचं पेन कागदातून आरपार गेलं आहे. चाळीस वर्षं ज्या माणसाने लोकांचे टर्बो दुरुस्त केले त्याच्याच गाडीचा टर्बो भंगारात जायचा, हे माझ्याच्याने बघवणार नाही. आणि आमच्याही बाजूने गोष्ट साधी नाही. आमच्या धुलाईखान्याच्या मॅनेजरना तीन हॉस्पिटलांना रोज धुतलेल्या चादरी पोचवायला कायमची गाडी हवी आहे. ते काम आम्हाला मिळू शकतं, पण त्यासाठी गाडी आमची हवी, उसनी चालणार नाही. तेव्हा ‘नीट राहते का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘राहते’ असं एका शब्दात देऊन मोकळा होणार होतो. पण तुमची लेक म्हणाली की तारेचं लिहा. म्हणून तारेचं लिहितो.

दोन महिन्यांपूर्वी, तुम्ही शिडीवरून पडलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, गाडी माझ्या ताब्यात देताना तुम्ही खाटेवरून एकच गोष्ट बजावली होती: ‘वाफेवाले, सगळं करा, टर्बोच्या डबीला हात लावू नका.’ मी मान डोलावली. आता मामा, ज्याला हात लावू नको असं सांगितलंय ते नक्की कुठे आहे हे शोधणं ही माणसाची पहिली जबाबदारी आहे (नाहीतर चुकून हात लागायचा). त्याच दिवशी बॉनेट उघडून मी डबी पाहून घेतली. पेढ्याच्या डबीएवढी पत्र्याची डबी, एका बाजूने बारीक रबरी नळी आत जाते, दुसऱ्या बाजूने एक दांडी बाहेर येते, आणि दांडीच्या टोकाला टर्बोच्या अंगावरचा एक छोटा खटका. तुम्ही त्याला वेस्टगेट म्हणता. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, हात्तिच्या, ही तर आमची सेफ्टी व्हॉल्व्ह. प्रेशर वाढलं की उघडायचं आणि फुस्स करून सोडून द्यायचं. बावीस वर्षं मी दुसरं काय सांभाळलं आहे? इथेच माझं चुकलं, पण ते मला कळायला पुढे बराच खर्ची पडलेला साबण आणि सतरा चादरी लागल्या.

मागच्या आठवड्यात गाडी ओढेनाशी झाली. मोठ्या हॉस्पिटलचा चढ तुम्हाला माहीत आहे. त्या चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्येही कण्हायला लागली, आणि तुम्ही डॅशबोर्डवर बसवलेल्या हवेच्या प्रेशरच्या मीटरचा काटा अर्ध्यावरच बसून राहिला. पाठीमागून एक सायकलवाला आला, त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि पुढे निघून गेला. बॉनेटखालून बारीक सुरात हवा फुसफुसत होती. गळती ओळखणं हे तर माझं पोटापाण्याचं काम, तेव्हा मला स्फुरण चढलं. तुमची लेक म्हणाली, एकदा बाबांना विचारा. मी म्हटलं, पाय मोडलेल्या माणसाला गळतीचा त्रास कशाला द्यायचा.

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी, म्हणजे माझ्यावर रागावताना तुमचा राग योग्य जागी पडेल. बॉयलरची वर्षाची तपासणी करताना त्यात पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त प्रेशर देतात, कुठे पाझरतं का ते पाहायला. तेवढ्या वेळापुरती सेफ्टी व्हॉल्व्ह शिकंजा लावून आवळून ठेवावी लागते, नाहीतर ती मध्येच उघडते आणि तपासणी होतच नाही. तपासणी झाली की शिकंजा काढायचा. तो काढायला कुणी विसरू नये म्हणून आमच्याकडे मुख्य व्हॉल्व्हच्या मोठ्या चाकाला लाल पाटी लटकवतात, आणि शिकंजा काढून वहीत सही केल्याशिवाय पाटी उतरत नाही. बावीस वर्षांत मी एकदाही विसरलो नाही. पण याचं श्रेय माझं नव्हतं, पाटीचं होतं, हे मला या सोमवारी कळलं.

तर गेल्या रविवारी धुलाईखान्यातला छोटा कॉम्प्रेसर आणला (मशीनवरचे तंतू उडवायचा), टर्बोच्या तोंडाला रबरी टोपण बसवून आत थोडी हवा भरली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावत बसलो. आणि हवा भरायच्या आधी, शिस्तीचा माणूस म्हणून, वेस्टगेटचा खटका पोलादी तारेने बंद जागी करकचून बांधला. तीन वेढे. (डबीला हात लावलेला नाही याची नोंद घ्यावी. खटक्याला लावला.) तुमची लेक उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, तुमच्याकडे काहीतरी लाल लटकवतात ना? मी हसलो. हा काय दहा टनी बॉयलर आहे का, असंही म्हणालो. ती आत गेली. पाचव्या मिनिटाला मोठ्या रबरी नळीच्या पट्ट्याशी बुडबुडे आले, पट्टा सैल पडला होता, मी पाना घेऊन आवळला, बुडबुडे थांबले. गळती सापडली याचा आनंद मला इतका झाला की हात धुतले, हत्यारं पुसून पेटीत ठेवली, चहा घेतला आणि शेजारच्या शिंप्याला बोलावून बुडबुडे कुठे आले होते ती जागा दाखवली. तार तिथेच राहिली.

सोमवारी सकाळी गाडी अशी काही पळाली की मी चक्रावून गेलो. ज्या चढावर सायकलवाले पुढे जात होते त्या चढावर रिकामी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उडत गेली. मीटरचा काटा तुम्ही नेलपॉलिशने काढलेल्या लाल रेघेला टेकला आणि जरा पलीकडे गेला. मला वाटलं, मामांनी रेघ जरा भित्रेपणाने काढली आहे. तुमची लेक शेजारी बसली होती, ती म्हणाली, आवाज उंच लागतोय. मी तिला दुरुस्तीनंतर इंजिनाला येणाऱ्या आत्मविश्वासाबद्दल माहिती दिली. ती परत म्हणाली, बाबांच्या वेळी शिट्टी इतकी वर जायची नाही. मी म्हटलं, बाबांच्या वेळी पट्टा मी आवळला नव्हता. हे वाक्य मी आता लिहितो आहे आणि माझे कान तापले आहेत.

त्याच दिवशी दुपारी मॅनेजर स्वतः गाडीत बसून खेप पाहायला आले, काम आम्हाला द्यायचं की नाही ते ठरवायला. पांढरा शर्ट, हातात घड्याळ. गाडी चादरींनी शिगोशीग भरलेली. आम्ही तिघं पुढे, तुमची लेक मध्ये. चढाला लागलो, मी पाय दाबला, आणि मॅनेजरना कौतुकाने म्हटलं की बघा आता कशी ओढते. काटा लाल रेघ ओलांडून गेला, तिच्याही पुढे गेला आणि शेवटच्या खिळीला जाऊन थरथरत राहिला. शिट्टी इतकी चढली की रस्त्याकडेचा कुत्रा उठून उभा राहिला. मग बॉनेटखाली धाड असा आवाज झाला, मॅनेजरनी तुमच्या लेकीच्या पुढून वाकून दोन्ही हातांनी माझा दंड धरला, आणि गाडीतला जीवच गेला. मागे काळाकुट्ट धूर. वारा नेमका पाठीमागून चढाकडे वाहत होता, त्यामुळे तो धूर इकडेतिकडे न जाता सरळ मागच्या ताडपत्रीखाली शिरला. वरच्या सतरा चादरी दुपारच्या दुपारी राखाडी झाल्या. नळीचं जे टोक मी आवळलं होतं ते जागच्या जागी घट्ट होतं. उडालं ते दुसरं टोक, ज्याच्याशी माझं काही भांडणच नव्हतं.

माझी पाचावर धारण बसली. मॅनेजर खाली उतरून गाडीपासून सुरक्षित अंतरावर, म्हणजे जवळजवळ हॉस्पिटलच्या फाटकात, जाऊन उभे राहिले. तुमच्या लेकीने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि शांतपणे विचारलं,

“तार कुणी बांधली?”

मामा, बॉयलर फुटला असता तर मला कमी ऐकू आलं असतं. तिला उत्तर नकोच होतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. इंजिन निवू दिलं. पक्कड घेऊन तार (मी) कापली. खटका बोटाने दाबून मोकळा हलतो ना ते (मी) पाहिलं. उडालेली नळी पुसून परत (मी) बसवली आणि पट्टा आवळला. टर्बोचा पंखा बोटात धरून वरखाली हलवून पाहिला, खेळ आलेला नव्हता (हेही मीच पाहिलं). मग तेलाची पट्टी काढून तेल दुधाळ तर झालं नाही ना ते पाहिलं, आणि गाडी सुरू केल्यावर रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतात का तेही (मी) पाहिलं. बुडबुडे नव्हते. तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं हेडचं गॅस्केट शाबूत होतं. माझा जीव भांड्यात पडला. मग गाडी (मी) चालवत चढावरून वर नेली, काटा लाल रेघेच्या बोटभर खाली येऊन थांबला आणि वरपर्यंत तिथेच राहिला, आणि मॅनेजर परत येऊन बसले होते ते मीटरकडे न बघता गाडी चालवणाऱ्याच्या पायाकडे बघत होते.

त्या दिवशी घरी आल्यावर मला टर्बो समजावून सांगण्यात आला. तुम्हाला टर्बो शिकवणं हा निव्वळ आगाऊपणा आहे, पण मला तो आता समजला आहे हे तुम्हाला पटावं म्हणून लिहितो, परीक्षेचा पेपर समजून तपासा. इंजिनातून बाहेर जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला पंखा आहे, तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. जास्त हवा गेली की जास्त डिझेल जळतं, जास्त धूर होतो, चाक आणखी जोरात फिरतं, आणखी हवा कोंबली जाते. म्हणजे हे प्रकरण स्वतःच स्वतःला चढवत नेणारं आहे, आणि कुणीतरी पुरे म्हणणारं लागतं. ते काम डबीचं. कोंबलेल्या हवेतली थोडी त्या बारीक नळीने डबीत येते, आतला पडदा स्प्रिंगला रेटतो, ठरलेल्या प्रेशरला स्प्रिंग हार मानते, दांडी पुढे सरकते आणि खटका झडप उघडतो. आता इथे ऐका (म्हणजे वाचा). झडप उघडल्यावर हवा बाहेर जात नाही. धूर जातो. थोडा धूर चाकाला न शिवता आडवाटेने सायलेन्सरकडे निघून जातो, चाकाला जास्तीचा जोर मिळत नाही, आणि प्रेशर तिथल्या तिथे राहतं. आमची सेफ्टी व्हॉल्व्ह प्रेशर जास्त झाल्यावर ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून बाहेर टाकते. तुमची वेस्टगेट ते जास्त होऊच देत नाही, आणि कुणाला कळतही नाही. हवेची गळती शोधायला धुराची झडप बांधायची काही गरजच नव्हती. मी जिचा गळा आवळला ती बिचारी त्या भानगडीत कुठेच नव्हती.

सतरा चादरी दोनदा उकळून पांढऱ्या झाल्या (वाफ माझी, त्यामुळे कुणाला बोलायला जागा नव्हती). मॅनेजरनी काम द्यायचं कबूल केलं आहे, गाडी आमची झाली की लगेच. तर तुमच्या प्रश्नाचं खरं खरं उत्तर असं: एक दिवस गाडी नीट राहिली नाही, बाकी एकोणसाठ दिवस राहिली, आणि पुढेही राहील. वीटभट्टीवाल्याला नाही म्हणा. गाडी मला द्या. टर्बो जाग्यावर राहील, लाल रेघ जाग्यावर राहील, आणि डबीला, खटक्याला, दांडीला व त्यांच्या दूरच्या नातेवाइकांनाही मी हात लावणार नाही. मामींना नमस्कार. त्यांच्या सुईला लवकर मोकळीक मिळो.

तुमचा,
वाफेवाला जावई

ता.क. उद्या गाडी तुम्हाला दाखवायला पाठवतो आहे, म्हणजे तुम्हाला आवाज ऐकून स्वतः खात्री करता येईल. मला येता येत नाही, बॉयलरची तपासणी आहे. हे पत्रही गाडीबरोबरच येईल. समोरच्या दुकानदाराला उद्या विश्रांती द्यावी.

ता.क. दुसरा. तुमची लेक आत्ता खाली रेडिएटरमध्ये पाणी घालायला गेली आहे, तेव्हा घाईघाईने लिहितो, अक्षराला हसू नये. वर जिथे जिथे कंसात ‘मी’ आहे तिथे तुमची लेक असं वाचावं. ते सगळे कंस तिने समोर बसून घालायला लावले. माझ्या हातून पक्कड दोनदा खाली पडली. तार तिने कापली, नळी तिने बसवली, पंखा तुम्ही हलवता तसा दोन बोटांत धरून तिने हलवला, आणि चढावर गाडी तिने नेली. मी मागे ताडपत्री धरून चादरींवर बसलो होतो. मॅनेजरनी वर पोचल्यावर ‘उद्या किती वाजता येणार’ असं विचारलं ते तिला, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. टर्बोही तिनेच मला समजावला, कागदाच्या भिरभिऱ्यावर फुंकर मारून. मी म्हटलं, हे सगळं बाबांना लिहू या. तर म्हणाली, “नको. गाडी माझ्या हातात आहे म्हटलं की बाबा ती विकून टाकतील. तुमच्या हातात आहे म्हणा.” एवढं बोलून ती परत ठिगळ लावायला लागली. मामा, तुम्ही माझ्या मेहुण्याला हाताला धरून शिकवत होता (तो आता पंख्याखाली बसून कागदांवर शिक्के मारतो आणि सुखी आहे, चांगलं आहे), आणि हिला गॅरेजात खोक्यावर बसवून पाने हातात द्यायला सांगत होता. तुम्हाला वाटलं ती पाने देते आहे. ती शिकत होती. कधी मागितलं नाही, आणि आताही मागणार नाही. म्हणून मी मागतो. गाडी मला देऊ नका. मी उत्तम हमाल आहे आणि बॉयलर सोडून मला काही कळत नाही, यात मी अगदी सुखात आहे. कागदावर तिचं नाव घाला.

ता.क. शेवटचा. पायऱ्यांवर तिची पावलं वाजली, पाकीट चिकटवतो. वरच्या ता.क.मध्ये काय आहे ते तिला माहीत नाही. उद्या गाडी घेऊन तीच येते आहे, एकटी, अडीच तासांचा रस्ता. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ती अंगणात बॉनेट उघडून उभी असेल आणि तुम्ही काय म्हणता याची वाट पाहत असेल. वळणावर गाडीचा आवाज ऐकून तुम्ही मामींना म्हणाला असाल की वाफेवाले बरे चालवायला लागले. मी तर इथे आहे. आता ती आत येईल, नेहमीसारखी किल्ली तुमच्यापुढे धरेल. तेवढी घेऊ नका.